थंड पाण्याचा बंदोबस्त आणि शेजाऱ्यांचा प्रश्न

काचेच्या टाकीत अ‍ॅक्सोलॉटल पाळण्याचा ज्यांचा बेत ठरतो, ते बहुधा प्रथम त्याचा रंग पसंत करतात, मग टाकी विकत घेतात, मग तिच्यात त्याच्या सोबतीला कोणते मासे सोडावेत याची दुकानोदुकानी चौकशी करतात, आणि पाणी बारा महिने थंड कसे राहावयाचे ही बाब, उन्हाळा आला म्हणजे पाहू अशा भरवशावर, अगदी अखेरीस विचारात घेतात. हा क्रम मुळापासून उलटा आहे. पाण्याचे तापमान हे या प्रकरणातील मुद्दल होय. टाकी, गाळणी आणि खाणेपिणे ही त्याच्या मागून येतात. आणि सोबत्यांचा प्रश्न तर त्या प्राण्याने कधी विचारलेलाच नसतो, मालकाच्या डोळ्यांना टाकी ओकीबोकी दिसते म्हणून तो उपस्थित होतो. तथापि लोक तोच प्रश्न अधिक विचारतात, यास्तव त्यालाही या आढाव्यात भरपूर जागा देणे भाग आहे.

आपल्या भाषेत या प्राण्याला नाव नाही. सह्याद्रीच्या ओल्या मातीत वावरणाऱ्या पाय नसलेल्या उभयचराला देवगांडूळ असे मोठे देखणे नाव आपण दिले आहे, बेडकांना तर गावोगावी निरनिराळी नावे आहेत. परंतु शेपूट राखून असलेला उभयचर दख्खनच्या पठारावर नांदतच नाही, त्याचा एक दूरचा भाऊबंद दार्जिलिंगकडील डोंगरांत आढळतो एवढेच, आणि जे पाहिले नाही त्याला शब्द कोठून यावा! अ‍ॅक्सोलॉटल हा सॅलमँडर कुळातील आहे. बेडकाचे पिल्लू जसे कल्ले आणि शेपूट टाकून जमिनीवर येते, तसे इतर पुष्कळ सॅलमँडरांची पिल्लेही कल्ले टाकून पाण्याबाहेर पडतात. परंतु याच्या शरीरातील अवटु ग्रंथीचा स्राव त्या रूपांतरास पुरेसा पडत नाही, त्यामुळे हा डोक्यामागे तीन-तीन पिसाऱ्यांसारखे कल्ले मिरवीत आयुष्यभर पाण्यातच राहतो आणि बाल्याच्या त्या वेषातच पिता किंवा माता होतो. लांबी साधारण २३ सेंटिमीटर, क्वचित त्याहून बरीच अधिक. आयुष्य १० ते १५ वर्षे. म्हणजे ज्या मुलाच्या वाढदिवसासाठी तो घरी येतो, ते मूल महाविद्यालयात जाईपर्यंत त्याची जबाबदारी राहते, ही गोष्ट खरेदीच्या दिवशी कोणी बोलून दाखवीत नाही.

त्याचे मूळ वतन मेक्सिको शहराच्या दक्षिण अंगाला, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर असलेल्या सोचिमिल्को आणि चाल्को या सरोवरांत होते. चाल्को सरोवर निचरा करून नाहीसे झाले. सोचिमिल्कोचे आता कालवे तेवढे उरले असून, त्यांच्यामधून चिखल व वेलींचे थर रचून केलेली चिनाम्पा नावाची शेते आजही पिकतात. या पाण्याला डोंगरांतून उमळणाऱ्या झऱ्यांचा आधार असे, आणि विषुववृत्तापासून फार दूर नसूनही केवळ उंचीमुळे ते वर्षभर शीतल राही. नाहुआत्ल भाषेतील त्याच्या नावात पाणी आणि शोलोत्ल हा देव असे दोन शब्द आहेत. हा देव बलिदान टाळण्यासाठी रूपे पालटीत पळाला आणि अखेर पाण्यात शिरून हा प्राणी झाला, अशी आख्यायिका तेथे सांगतात. फ्रेंच फौजा मेक्सिकोत असताना ३४ प्राणी पॅरिसला गेले. त्यांतील सहा, पाच नर व एक मादी, १८६४ मध्ये ऑगस्त द्युमेरील या शास्त्रज्ञाच्या हाती आले, दुसऱ्याच वर्षी त्यांना पिल्ले झाली, आणि त्यांतील काही पिल्ले कल्ले टाकून चक्क जमिनीवरचे सॅलमँडर झाली तेव्हा त्याला केवढा विस्मय वाटला असेल याची कल्पनाच केलेली बरी. जगभरच्या प्रयोगशाळांतून आणि घरांतून आज जे प्राणी दिसतात त्यांच्या वंशावळीचा मोठा भाग त्या सहांपर्यंत जाऊन पोहोचतो. तुटलेला पाय, शेपूट, एवढेच काय पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूसुद्धा हा प्राणी पुन्हा उगवितो, म्हणून विज्ञानाने त्याला कधी सोडले नाही. २०१८ मध्ये त्याच्या संपूर्ण जनुकसंचयाचे वाचन झाले तेव्हा तो मानवाच्या सुमारे दसपट, ३,२०० कोटी अक्षरांचा निघाला. इकडे मायदेशात मात्र १९९८ साली सोचिमिल्कोत दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० असलेली त्याची संख्या २०१४ मध्ये ३६ वर आली. सांडपाणी हे एक कारण, आणि खाण्यासाठी म्हणून कालव्यांत सोडलेले कार्प व तिलापिया हे मासे हे दुसरे. या दुसऱ्या कारणाचा विसर वाचकांनी पडू देऊ नये. सोबत्यांच्या चर्चेत त्याची गरज लागेल.

आता मुद्दलाकडे वळू. पाणी १६ ते १८ अंश सेल्सिअस असावे, २० पर्यंत चालवून घेता येते, आणि २४ च्या वर ते काही दिवस राहिले की प्राणी अन्न नाकारू लागतो, शेपटीचे टोक आकडीसारखे वळते, कल्ल्यांवर कापसाच्या बोळ्यांसारखी पांढरी बुरशी धरते, याबद्दल जाणत्यांत फारसा मतभेद नाही. कारणही गूढ नाही. १६ अंशांच्या पाण्यात दर लिटरला जवळजवळ १० मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. आणि शीत रक्ताच्या या जीवाची प्राणवायूची भूक मात्र उष्णतेबरोबर वाढत जाते. जमा घटते आणि खर्च वाढतो, असा हा हिशेब आहे. त्यात ऊन पाण्यात बुरशीही जोमाने माजते.

मी पुण्यात एका मे महिन्यात, कोणताही जीव न आणता, १०० लिटरची टाकी नुसत्या पाण्याने भरून उत्तरेकडील खोलीत ठेवली, पडदे ओढून घेतले, आणि आत तापमापक सोडून पंधरा दिवस रोज दोन वेळा पारा वहीत टिपला. पहाटे तो २८ च्या खाली आला नाही. सायंकाळी पाचला ३१. म्हणजे १४ अंशांचे अंतर कापावयाचे होते. बर्फाच्या बाटल्या टाकाव्यात हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो, म्हणून त्याचा साधा हिशेब केला: एक किलो बर्फ वितळून १७ अंशांपर्यंत येताना ९७ किलोकॅलरी उष्णता शोषतो, १०० लिटर पाण्याला १४ अंश खाली आणावयाचे तर १,४०० किलोकॅलरी काढून घ्यावयास हव्यात, तेव्हा लिटरच्या पंधरा बाटल्या लागल्या, आणि त्याही त्या घटकेपुरत्या, कारण खोलीची उष्णता काचेतून रात्रंदिवस आत येतच असते. शिवाय बाटली टाकली की पारा घसरतो, वितळली की चढतो, आणि हा चढउतार त्या प्राण्याला स्थिर उन्हाळ्यापेक्षा फारसा बरा वाटत नाही. वीज गेली असता घटकाभर तगून राहण्यासाठी दोन बाटल्या गोठवून ठेवणे शहाणपणाचे आहे. पण त्यांवर संसार चालवता येत नाही.

दुसरा उपाय पंख्याचा. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडला की बाष्पीभवन होऊन पाणी निवते, आणि माठाचे तत्त्व ज्या घरात आजीने शिकविले आहे तेथे हे अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही. परंतु माठ पुण्यात जसा निवतो तसा मुंबईत निवत नाही, हेही त्याच आजीला ठाऊक असते. बाष्पीभवनाने पाणी कोठवर उतरेल याची सीमा हवेतील दमटपणा ठरवितो; तापमापकाच्या गोळीभोवती ओले फडके गुंडाळले असता पारा जेथे थांबतो तीच ती सीमा, आणि मुंबई-रत्नागिरीकडे मे महिन्यात ती सहसा २५ च्या खाली जात नाही. पंख्याने व्यवहारात दोन ते चार अंश उतरतात. महाबळेश्वरास ते कदाचित पुरतील, पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पुरतात, नागपुरास एप्रिलमध्ये ते कोणत्या उपयोगाचे? तेव्हा महाराष्ट्राच्या बहुतेक मुलखात पाणी थंड करणारे यंत्र, ज्याला दुकानदार चिलर म्हणतात, ते घेण्यावाचून गत्यंतर नाही. त्याची किंमत पुष्कळदा टाकीच्या कित्येक पट असते, ते पाण्यातून काढलेली उष्णता खोलीतच सोडते म्हणून बंद खोलीत ठेवता येत नाही, आणि विजेचे बिल येते ते निराळेच. हा खर्च ज्यास नको असेल त्याने पुढील मजकूर केवळ करमणुकीखातर वाचावा.

टाकीविषयी थोडक्यात सांगता येईल. हा प्राणी पोहण्यापेक्षा तळाशी चालणारा आहे, म्हणून उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ मोलाचे. एका प्रौढास ७५ लिटर हे किमान, १०० च्या वर असल्यास उत्तम, आणि ९० सेंटिमीटर लांबीची टाकी दोघांना पुरते. वर झाकण हवे, कारण तो क्वचित उडी मारतो आणि सकाळी फरशीवर सापडतो. तळाला खडी कदापि घालू नये: तो अन्न चावीत नाही, तोंड एकाएकी उघडून पाण्यासकट आत ओढतो, त्याबरोबर गोट्याही जातात आणि आतडे तुंबते. एक मिलिमीटरहून बारीक वाळू चालते, नाहीतर उघडी काचच बरी. डोळ्यांना पापण्या नसल्यामुळे भडक दिवा त्याला सोसत नाही. कुंभाराकडील मातीची कुंडी आडवी करून ठेवली की तिच्यात तो दिवस काढतो, फक्त तिच्या तळाचे भोक एवढे असू नये की त्यात डोके अडकेल. वनस्पती लावावयाच्या तर मंद उजेडात व गार पाण्यात तगणाऱ्या जावा फर्न, अनुबियास, जावा मॉस या लावाव्यात आणि त्या वाळूत न रोवता लाकडाला किंवा दगडाला बांधाव्यात, कारण रोवलेले सर्व तो रात्री चालता चालता उपटून ठेवतो.

गाळणीचा विषय मात्र असा दोन वाक्यांत आटोपणारा नाही. याची विष्ठा पुष्कळ, आणि तीतून निघणारा अमोनिया पाण्यात साठला तर कल्ले भाजल्यासारखे होतात. निसर्गात हा अमोनिया घालविण्याचे काम जीवाणू करतात: एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट, आणि नायट्रेट हे त्या मानाने निरुपद्रवी असल्याने आठवड्यातून एकदा पाण्याचा पाचवा-चौथा हिस्सा बदलला की ते आटोक्यात राहते. हे जीवाणू गाळणीच्या स्पंजावर वस्ती करण्यास सहा ते आठ आठवडे घेतात, आणि ती वस्ती प्राणी आणण्यापूर्वी व्हावयास हवी. त्यासाठी रिकाम्या टाकीत अमोनिया घालावा लागतो. कल्हईवाला ज्याची चिमूट तापलेल्या भांड्यात टाकीत असे त्या नवसागराचे शुद्ध स्वरूप या कामी येते. येथे आपल्या हवेचा एक फायदाही नमूद केला पाहिजे, की हे जीवाणू उबेत लवकर वाढतात, म्हणून चिलर बंद ठेवून २६ ते २८ अंशांवर ही वस्ती जमवून घ्यावी आणि मग पाणी हळूहळू १७ वर आणून आठवडाभर थांबावे. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट दर लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली असे आकडे सलग मिळाले की टाकी तयार झाली. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालविण्यास हायपोचे थेंब पुरतात. मात्र कोरफडीचा अर्क मिसळलेली जी द्रावणे माशांसाठी मिळतात ती उभयचराच्या कातडीस वर्ज्य समजावीत. गाळणीचा प्रवाह मंद असावा. कल्ले सतत पुढे, चेहऱ्याकडे वळलेले दिसू लागले, तर समजावे की त्याला नदीत बसविल्यासारखे होत आहे. हा प्राणी सरोवराचा आहे.

अन्नात गांडुळासारखे दुसरे काही नाही, पण येथेही एक मेख आहे. आपल्याकडे खत प्रकल्पांतून सर्रास मिळणारे लालसर, पट्टेदार गांडूळ डिवचले असता कडू पिवळसर स्राव सोडते आणि पुष्कळ अ‍ॅक्सोलॉटल ते तोंडात घेऊन तत्क्षणी थुंकतात. बागेच्या मातीतील साधे गांडूळ, जेथे कीटकनाशक पडलेले नाही अशा जागचे, ते आवडीने खातात. खाण्याची क्रिया पाहण्याजोगी असते. गांडूळ चिमट्याने नाकासमोर धरले तरी कितीतरी वेळ काहीच घडत नाही, डोळे तुमच्याकडे लागलेले असतात आणि चेहऱ्यावर ते सुप्रसिद्ध मंद स्मित. मग डोके बोटभर वळते, आणि काय झाले हे कळण्याच्या आत अर्धे गांडूळ नाहीसे झालेले असते. प्रौढास आठवड्यातून दोन-तीनदा खाणे पुरते.

हे स्मित आणि ही झडप, दोन्ही ध्यानात ठेवून सोबत्यांकडे पाहावे. जे तोंडात मावते ते अन्न, असा या प्राण्याचा कायदा आहे. आणि जे मावत नाही त्याला बहुधा त्याचे कल्ले हेच अन्न वाटतात, कारण पाण्यात डोलणारे ते लाल झुपके माशाला किड्यांसारखे दिसतात. या दोन वाक्यांत जवळजवळ सर्व उमेदवारांचा निकाल लागतो, तरी प्रत्येकाची बाजू ऐकून घेणे न्यायाचे होईल.

गोल्डफिशची शिफारस सर्वांत अधिक होते, कारण तोही थंड पाण्याचा. पण तो टाकीभर चोच मारीत हिंडतो, त्याची घाण अ‍ॅक्सोलॉटलच्या घाणीत भर टाकते, आणि अखेर गिळला गेलाच तर त्याच्या मांसातील थायमिनेज हे द्रव्य ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा नाश करते. सोचिमिल्कोत अनर्थ करणारा कार्प हा गोल्डफिशचा सख्खा नातेवाईक आहे. तो कालव्यांत जे करतो त्याहून वेगळे काही हा काचेत करील अशी आशा कशी करावी? गप्पी आपल्याकडे फार परिचयाचे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हिवताप निर्मूलनवाले ते विहिरींत आणि टाक्यांत सोडतात. पण त्यांना २२ ते २८ अंशांचे पाणी मानवते, १७ अंशांत ते गारठून मलूल होतात, आणि आजारी मासा तोंडात घालणे हे रोग गिळणेच होय. कोरिडोरास हा तळाचा गरीब दिसणारा मासा पंखांच्या मुळाशी काटा बाळगतो, गिळला जाताना तो काटा ताठ करतो, आणि मग गिळणारा व गिळलेला दोघेही मरतात. काचेला चिकटणारे प्लेको रात्री काच सोडून अ‍ॅक्सोलॉटलच्या अंगावरील श्लेष्मल थर चोखतात. क्रेफिशच्या नांग्यांविषयी बोलावयास नकोच. अन्य जातीचे न्यूट सोबतीला ठेवण्याची कल्पना काहींना सुचते; त्यांतील कित्येकांच्या कातडीत जहाल विष असते, आणि उभयचरांचा संहार करणारी कायट्रिड बुरशीही त्यांच्याबरोबर येऊ शकते.

उरले तिघे. चीनमधील ग्वांगचौजवळच्या बाययुन, म्हणजे श्वेतमेघ, पर्वतावरून नाव पडलेला व्हाइट क्लाउड हा तीन-चार सेंटिमीटरचा मासा खरोखर थंड पाण्याचा आहे, चपळ आहे, वरच्या थरात राहतो आणि कल्ल्यांच्या वाटेस सहसा जात नाही. दहा-बाराचा थवा सोडला तर तो दिसतो फार गोड, पण महिन्या-दोन महिन्यांनी मोजदाद केली असता संख्या कमी भरते. चेरी कोळंबी १७ अंशांत सुखाने राहते, शेवाळ खाते, दाट मॉसमध्ये लपून वंशही वाढविते. ती सोबती कमी आणि स्वतःहून उत्पन्न होणारे भक्ष्य अधिक, अशा हिशेबाने ठेवल्यास निराशा होत नाही. लहान रॅम्सहॉर्न गोगलगाय बहुतेक वेळा निरुपद्रवी ठरते, टणक शंखाच्या मोठ्या गोगलगायी मात्र खड्याप्रमाणेच आतड्यात अडकतात. यांपैकी कोणासही टाकीत घालण्यापूर्वी महिनाभर वेगळ्या भांड्यात ठेवावे. ही खबरदारी सांगतात सर्व आणि पाळतात थोडे.

माझे मत विचाराल तर अ‍ॅक्सोलॉटलच्या शेजारी दुसरा अ‍ॅक्सोलॉटलच असावा, तोही आकाराने बरोबरीचा. पिल्ले १५ सेंटिमीटरची होईपर्यंत परस्परांचे पाय निःशंकपणे खातात. पाय पुन्हा येतो खरा, पण प्रत्येक जखम बुरशीला दार उघडून देते, तेव्हा पुनरुत्पत्तीची ही देणगी निष्काळजीपणाचा परवाना समजू नये. नर व मादी एकत्र ठेवू नयेत. मादी एका वेळी शेकड्यांनी, कधी हजारापर्यंत अंडी घालते, वारंवार विण्याने तिची प्रकृती ढासळते, आणि त्या पिल्लांना रोज जिवंत डॅफ्निया किंवा नुकतेच फुटलेले आर्टेमिया असे बारीक जलजीव पुरविणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. आणि एकटा ठेवला तर? त्याला एकटेपणा वाटतो असे म्हणण्यास काही आधार नाही. तो कळपाचा प्राणी नव्हेच.

सरकारदरबारची बाब शेवटी सांगतो, पण ती गौण नव्हे. हा प्राणी वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे साइट्सच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली, आणि त्यानुसार फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या नियमांप्रमाणे अशा परदेशी प्राण्याची परिवेश या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करणे, तो दुसऱ्यास दिल्यास, त्याला पिल्ले झाल्यास वा तो मेल्यास तसे कळविणे बंधनकारक झाले आहे. ज्या दुकानात कागदपत्र मागताच विषय बदलतो तेथून खरेदी करू नये, आणि कंटाळा आला म्हणून तलावात किंवा नदीत तर काहीच सोडू नये. सोचिमिल्कोचे पाणी असेच कोणीतरी सोडलेल्या माशांनी बिघडले.

तेव्हा ज्यांचा बेत पक्का आहे त्यांना विनंती एवढीच, की टाकी आधी आणावी, पाणी भरावे, आणि एप्रिल-मे महिन्यांत पंधरा दिवस दुपारचा पारा वहीत टिपावा. त्या आकड्यातून १८ वजा करून जे उरेल तितके अंश पाणी दहा-पंधरा वर्षे निववीत राहण्याची तजवीज ज्याच्यापाशी असेल त्याने चिलर घ्यावा आणि मग प्राण्याचा रंग पसंत करण्यास निघावे. ज्याच्यापाशी नसेल त्याने त्याच टाकीत गप्पी सोडावेत. त्यांना ते पाणी मानवते.